तेजोमेघातली धूळ अतिनील आणि अवरक्त प्रकाशातून कशी अभ्यासतात? मराठवाड्यात बसून हे जमेल का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की परभणीला एम.एस्सी. करताय, प्रकल्पाला धूळ हा विषय घ्यायचाय, आणि तुम्हाला सल्ला मिळालाय तो असा: "अवरक्त चित्रं पुरेशी आहेत, अतिनीलच्या नादी लागू नका, धुळीची दुरुस्ती करताना ३.१ लावा आणि पुढे जा." या शेवटच्या वाक्यासाठी उत्तर लिहितोय. हेच वाक्य मलाही ऐकवलं गेलं होतं, आणि ते चूक आहे असं मी तेव्हाही म्हणत होतो.

जमेल का, तर जमेल. दुर्बीण लागत नाही, डेटा आणि सॉफ्टवेअर दोन्ही फुकट आहेत. त्याचं पुढे सांगतो. आधी ३.१.

उन्हाळ्यात गाडीवाटेचा फुफाटा दिवसभर ऊन पितो आणि दिवेलागणीपर्यंत पायाला चटके देतो. तेजोमेघातला धुळीचा कण तेच करतो. जवळच्या बी प्रकारच्या (गरम, निळसर) ताऱ्याचं पृष्ठभाग तापमान २०,००० केल्विन धरलं तर त्याचा प्रकाश १४५० अँगस्ट्रॉमच्या आसपास सर्वांत तीव्र असतो, म्हणजे तो मुख्यतः अतिनील. कण ती ऊर्जा गिळतो, काही दहा केल्विनपर्यंत तापतो आणि तीच ऊर्जा अवरक्तात बाहेर टाकतो. गिळलेलं एका खात्यात, टाकलेलं दुसऱ्या खात्यात. फक्त अवरक्त बघितलंत तर चटका किती हे कळेल. ऊन किती होतं, कण केवढे होते आणि कशाचे होते, हे त्यातून नीट सुटत नाही.

३.१ म्हणजे आर-व्ही: दृश्य प्रकाशातलं एकूण एक्स्टिंक्शन (धुळीमुळे होणारी प्रकाशाची घट) भागिले निळ्या आणि दृश्य पट्ट्यांतल्या एक्स्टिंक्शनमधला फरक, ई(बी-व्ही). आकाशगंगेच्या विरळ माध्यमाची ही सरासरी आहे. तुम्ही मात्र तेजोमेघ घेणार आहात, आणि तेजोमेघ विरळ माध्यम नाही. दाट ढगात बारीक कण एकमेकांना चिकटतात, मोठ्यांवर बसतात, आणि कोणत्या तरंगलांबीला किती एक्स्टिंक्शन हे दाखवणारा वक्र बदलतो. ओरायन (मृग) तेजोमेघाच्या मधल्या ताऱ्यांचं धुळीमुळे लाल होणं वेगळं आहे हे बाडे आणि मिन्कोव्स्की यांनी १९३७ सालीच दाखवलं होतं. तिथे आर-व्ही ५.५ च्या घरात जातो.

कार्डेली, क्लेटन आणि मॅथिस यांचं १९८९ चं सूत्र घ्या आणि स्वतः करून बघा. ई(बी-व्ही) = ०.५ धरा. आर-व्ही ३.१ असेल तर दृश्य प्रकाशात तारा १.५५ प्रतींनी (प्रत म्हणजे मॅग्निट्यूड, तेजस्वितेचं माप) मंद होतो आणि १५०० अँगस्ट्रॉमला ४.१३ प्रतींनी. आर-व्ही ५.५ असेल तर दृश्यात २.७५ आणि १५०० ला ३.६४. म्हणजे जिथे खरा आकडा ५.५ आहे तिथे ३.१ लावलात, तर दृश्य प्रकाशाची दुरुस्ती १.२ प्रतींनी कमी पडते आणि अतिनीलची ०.४९ प्रतींनी जास्त होते. ताऱ्याच्या अतिनील आणि दृश्य तीव्रतेचं गुणोत्तर जवळपास पावणेपाच पटींनी चुकतं. ज्या ताऱ्याने धूळ तापवली त्याचं ऊनच पावणेपाच पट चुकल्यावर अवरक्ताचा हिशेब जुळवायचा कशाशी?

आता एनजीसी ७०२३. सिफियस तारकासमूहातला आयरिस तेजोमेघ, मध्ये एचडी २००७७५ हा तारा. आपल्या अक्षांशावरून उत्तर क्षितिजाच्या वर जास्तीत जास्त ४१ अंशांपर्यंत येतो. परावर्तन तेजोमेघ आहे, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश धुळीवरून विखुरल्यामुळे दिसणारा, स्पिट्झर आणि हर्शेल या दोन्ही अवरक्त अवकाश दुर्बिणींनी तो बघितलाय, आणि वाद मिटवायला मी हाच निवडला. आर-व्ही काढायची सोपी रीत सगळ्यांना माहीत आहे: ई(व्ही-के) भागिले ई(बी-व्ही), गुणिले १.१. ताऱ्याचा वर्णपटीय प्रकार बघायचा, तक्त्यातून मूळ रंग घ्यायचे, मोजलेल्या रंगांतून वजा करायचे. आकडा ३.१ च्या बराच वर आला. माझ्या बाजूचा होता, म्हणून मी तो लगेच खरा मानला, आणि तिथेच चुकलो.

एचडी २००७७५ हा हर्बिग बी-ई, म्हणजे अजून कोवळा बी प्रकारचा तारा आहे. त्याच्याभोवती स्वतःची चकती आहे आणि तिची तापलेली धूळ २.२ मायक्रॉनला, म्हणजे नेमकी के पट्ट्यात, भरपूर उजळते. त्यामुळे के मधली प्रत खरीपेक्षा तेजस्वी दिसते, व्ही-के फुगतो, ई(व्ही-के) फुगतो आणि आर-व्ही वाढतो. वाढलेला आकडा ढगातल्या कणांचा नसतो, ताऱ्याच्या अंगणातल्या उजेडाचा असतो. हे पकडायची रीत सांगतो. जे, एच, के आणि पुढे ३.४ मायक्रॉन अशा चारही पट्ट्यांत ई(लॅम्डा-व्ही) (लॅम्डा म्हणजे तो तो पट्टा) काढून आलेखावर मांडा. निव्वळ एक्स्टिंक्शन असेल तर बिंदू लांब तरंगलांबीकडे जाताना एका पातळीवर येऊन टेकतात. चकती असेल तर टेकत नाहीत, पुढे पुढे सरकत राहतात. माझे सरकत होते. दोन उपाय आहेत. मधला तारा सोडून ढगाच्या मागे असलेले साधे तारे घ्यायचे, किंवा आर-व्ही अतिनील वक्रावरून बसवायचा. दोन्ही करा. ढगामागचे तारे मंद असतात आणि अतिनील वर्णपट क्वचितच मिळतो, पण दृश्य आणि जवळच्या अवरक्तात काम भागतं.

वाद घालणाऱ्यांनी त्यावर सांगितलं की बघा, तुमचा आकडा पडला, म्हणजे ३.१ बरोबर. हा तर्क मला आजही मान्य नाही. मोजमापात चूक सापडली याचा अर्थ न मोजलेला आकडा खरा ठरतो असा होत नाही.

अतिनील वक्र काढायची पद्धत जुनी आणि भक्कम आहे: जोडीची पद्धत. आययूई हा अतिनील उपग्रह १९७८ ते १९९६ चालला, त्याचे ११५० ते ३२०० अँगस्ट्रॉमचे वर्णपट मास्ट या ऑनलाइन संग्रहात पडून आहेत. एक धुळीमागचा तारा घ्या आणि त्याच प्रकारचा, जवळपास धूळमुक्त असा दुसरा. सुरुवातीला ओरायन भागातला एचडी ३७०६१ आणि तुलनेला एचडी ३१७२६ घ्या. दोघांचे कमी विभेदनाचे वर्णपट उतरवा, १० ते १५ अँगस्ट्रॉमच्या कप्प्यांत सरासरी करा, तीव्रतांचं गुणोत्तर घ्या, त्याचा लॉग काढून उणे २.५ ने गुणा, दृश्य प्रतींमधला फरक वजा करा आणि ई(बी-व्ही) मधल्या फरकाने भागा. आडव्या अक्षावर तरंगलांबी मायक्रॉनमध्ये घेऊन तिचा व्यस्त मांडा. ४.६ च्या जवळ एक उंचवटा दिसेल. तोच २१७५ अँगस्ट्रॉमचा बंप, स्टेचर यांना १९६५ साली सापडलेला. जागा ताऱ्यागणिक फारशी हलत नाही, रुंदी मात्र बरीच बदलते. ग्राफाइट किंवा पीएएचसारखं (कार्बनच्या जोडलेल्या कड्यांचे रेणू) काहीतरी कार्बनी त्याला कारण आहे असं मानलं जातं. बंपच्या पुढे दूर अतिनीलकडे जो चढ असतो तो बारीक कणांचा. ओरायनमध्ये हा चढ सपाट पडलेला दिसेल. बारीक कण तिथे कमी उरलेत, हे अवरक्त चित्र तुम्हाला इतक्या थेटपणे कधीच सांगणार नाही.

इथे काय बिघडतं तेही सांगतो. सगळ्यात मोठी गफलत जोडी चुकण्याची. अतिनीलमध्ये अर्ध्या उपप्रकाराचा फरकही वक्र वाकवतो. तक्त्यातल्या प्रकारावर विसंबू नका. १४०० जवळच्या सिलिकॉनच्या आणि १५५० जवळच्या कार्बनच्या शोषणरेषा दोन्ही वर्णपटांत एकावर एक ठेवून बघा. त्या जुळत नसतील तर जोडी टाकून द्या. दुसरं, ई(बी-व्ही) निदान ०.४ असलेला तारा घ्या. ०.२ च्या ताऱ्यात ०.०३ ची चूक म्हणजे सगळ्या वक्रात १५ टक्के. तिसरं, १२५० अँगस्ट्रॉमच्या खालचा भाग सोडा, तिथे हायड्रोजनची लायमन-अल्फा रेषा ताऱ्याचा प्रकाश खाते. चौथं, आययूईचे दोन कॅमेरे १९०० च्या आसपास जुळतात आणि तिथे गोंधळ असतो, म्हणून त्या सांध्यावर दिसलेल्या वळणाला शोध समजू नका.

अवरक्ताकडे येतो. "अवरक्त पुरेसं" म्हणणाऱ्यांना एकच गोष्ट सांगा. क्रिस सेलग्रेन यांनी १९८४ साली एनजीसी ७०२३, २०२३ आणि २०६८ या परावर्तन तेजोमेघांचा जवळच्या अवरक्तातला प्रकाश मोजला. रंगावरून तापमान १००० केल्विनच्या घरात निघत होतं, आणि ताऱ्यापासून दूर गेलं तरी ते उतरत नव्हतं. समतोलात तापलेली धूळ असती तर दूर जाताना गार व्हायला हवी होती. उलगडा असा की काही डझन अणूंचा कण असेल तर अतिनीलचा एकच फोटॉन, १५०० अँगस्ट्रॉमला ८.३ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, त्याला क्षणात तेवढा तापवतो. दूर गेल्यावर फोटॉन कमी येतात, पण प्रत्येक फोटॉन तेवढाच बलवान असतो. त्याच वर्षी लेजे आणि प्युजे यांनी हे कण म्हणजे पीएएच असं मांडलं. ३.३, ६.२, ७.७, ८.६ आणि ११.३ मायक्रॉनच्या पट्ट्या त्यांच्याच. अवरक्तातलं हे कोडं सुटलं ते अतिनीलचा विचार केल्यावर.

प्रत्यक्ष काम करताना दोन तरंगलांबींच्या चित्रांचं सरळ गुणोत्तर कधीही घेऊ नका. यूव्हीआयटी या भारतीय अतिनील दुर्बिणीचं (तिच्याबद्दल पुढे) विभेदन दीड आर्कसेकंदाच्या आसपास, स्पिट्झरच्या २४ मायक्रॉनचं ६, हर्शेलच्या १६० चं ११, २५० चं १८, ५०० चं ३६. आधी सगळी चित्रं सगळ्यात धूसर चित्राइतकी धूसर करायची. त्यासाठी साधा गॉसियन (घंटेच्या आकाराचा वक्र) लावला तर २४ मायक्रॉनच्या चित्रात ताऱ्यांभोवतीची वलयं तशीच राहतात आणि गुणोत्तरात खोट्या कडा उमटतात. अनियानो आणि सहकाऱ्यांनी २०११ साली धूसर करायचे तयार साचे, म्हणजे कर्नल, दिले आहेत, ते वापरा. प्रकल्पापुरतं ५०० मायक्रॉन सोडून २५० पर्यंत थांबलात तरी चालेल, विभेदन दुप्पट चांगलं राहतं. मग एकक. हर्शेलवरच्या पॅक्स कॅमेऱ्याची चित्रं दर पिक्सेलला जान्स्कीमध्ये (तीव्रतेचं एकक) असतात, स्पिट्झरची दर स्टेरेडियनला मेगाजान्स्कीत. पिक्सेलची बाजू आर्कसेकंदात घ्या, ४२,५४५ ला तिच्या वर्गाने भागा, तो गुणक. ३.२ आर्कसेकंदाच्या पिक्सेलला ४१५५ येतो. बाजू चित्राच्या फाइलमधल्या माहितीतून (हेडर) वाचा, पाठ केलेली वापरू नका. एकक बदलल्यावरच पिक्सेलची जाळी बदला, उलट क्रमाने केलंत तर पिक्सेलचं क्षेत्रफळ बदलून तीव्रता चुकते.

पॅक्सच्या बाबतीत आणखी एक. संग्रहात हाय-पास फिल्टर लावलेली चित्रंही असतात. ती ठिपक्यासारख्या स्रोतांसाठी आहेत. तुमचा तेजोमेघ पसरट आहे आणि तो फिल्टर पसरट उजेडच पुसून टाकतो. जेस्कॅनॅम किंवा युनिमॅप पद्धतीची चित्रं घ्या. पार्श्वभूमी वजा करताना जागा तेजोमेघाच्या अगदी कडेला घेऊ नका, तिथेही धूळ असते. निदान चार ठिकाणी मोजा. चारांत फरक आला तर तो फरक हीच तुमची त्रुटी.

तापमान बसवताना सुधारित कृष्णपिंड वक्र वापरा, आणि धुळीचं उत्सर्जन तरंगलांबीनुसार कसं बदलतं ते सांगणारा घातांक बीटा १.८ ला बांधून ठेवा. बीटा आणि तापमान दोन्ही मोकळे सोडले तर गोंगाटामुळेच ते एकमेकांविरुद्ध पळतात, आणि मग लोक "गार धुळीत बीटा वाढतो" असे निष्कर्ष काढतात. ७० मायक्रॉनचा बिंदू एका तापमानाच्या वक्रात घेऊ नका. फोटॉनगणिक तापणारे बारीक कण तिथे भर घालतात आणि तापमान खोटं वाढतं. तापमान थोडं वाढलं की वस्तुमान बरंच पडतं.

अतिनील चित्रांसाठी आपला अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रह आहे, २८ सप्टेंबर २०१५ ला गेलेला. त्यावरची यूव्हीआयटी म्हणजे साडेसदतीस सेंटीमीटरच्या दोन दुर्बिणी, २८ आर्कमिनिटांचं क्षेत्र. जवळच्या अतिनीलमध्ये एन२१९एम नावाचा फिल्टर होता, तो जवळपास बंपवरच बसतो. शेजारच्या एन२६३एमशी तुलना केली की बंपचा नकाशा मिळतो. जवळच्या अतिनीलची ती वाहिनी मार्च २०१८ मध्ये बंद पडली, म्हणून जे आहे ते २०१८ च्या आधीचं. दूर अतिनीलमध्ये दिसणारा प्रत्येक पसरट उजेड धुळीने विखुरलेला आहे असं धरू नका. एनजीसी ६३०२ या ग्रहीय तेजोमेघाभोवती यूव्हीआयटीला दूर अतिनीलमध्ये मोठं प्रभामंडळ सापडलं, आणि त्याचं कारण हायड्रोजन रेणूंची प्रतिदीप्ती (फ्लुओरेसन्स) असावं असं सुचवलं गेलं. धुळीचं विखुरणं जवळच्या अतिनीलमध्येही दिसतं, ही प्रतिदीप्ती तिथे दिसत नाही. एवढा फरक तरी तपासाच. तेजस्वी ताऱ्याभोवतीचा उजेडही फसवा असतो. त्याच तेजाचा, तेजोमेघ नसलेला तारा घेऊन उजेड किती अंतरात कसा उतरतो ते मोजा आणि मगच वजा करा.

मराठवाड्याचं तुम्ही विचारलंत, त्याचं थोडक्यात. नांदेडच्या विद्यापीठात लंबगोल दीर्घिकांमधल्या धुळीवर चांगलं काम झालंय, त्यांचे शोधनिबंध आधी वाचा. टीआयएफआरची एक मीटरची दूर-अवरक्त दुर्बीण हैदराबादहून फुग्याखाली लटकवून सोडली जायची आणि तेजोमेघांचीच धूळ मोजायची. त्या केंद्राच्या फुग्यांची उपकरणं आपल्या जिल्ह्यांत उतरली तर हात लावू नका, अशा सूचना वर्तमानपत्रांत येतात, त्या अनेकांनी वाचल्या असतील. म्हणजे हा विषय आपल्याला परका नाही. पुण्याला आयुकात उन्हाळी कार्यशाळा असतात, अर्ज करा.

डेटा असा: आययूई आणि गॅलेक्स (हाही अतिनील उपग्रह) मास्टवर, स्पिट्झर आणि वाइज (हाही अवरक्त उपग्रह) इर्सा संग्रहावर, हर्शेल युरोपीय संस्थेच्या संग्रहात, अ‍ॅस्ट्रोसॅट इस्रोच्या अ‍ॅस्ट्रोब्राउझवर. डीएस९, टॉपकॅट आणि पायथनमधलं अ‍ॅस्ट्रोपाय एवढ्या फुकट सॉफ्टवेअरवर सगळं होतं, आठ जीबी मेमरीचा लॅपटॉप पुरतो. वीज आणि नेट जातं, म्हणून उतरवताना तुटलेली फाइल पुढून सुरू होईल असाच आदेश द्या आणि शेवटी आकार संग्रहातल्या आकाराशी ताडून बघा. अर्धवट फाइलसुद्धा कधीकधी उघडते आणि खालचा भाग रिकामा दिसतो. कर्नल लावून झालेलं प्रत्येक चित्र वेगळ्या नावाने साठवा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. वरचं बहुतेक परावर्तन तेजोमेघांना लागू आहे. आयनित तेजोमेघात वायूच्या रेषा अवरक्त पट्ट्यांतही शिरतात, तिथे एच-अल्फाचं (हायड्रोजनची लाल रेषा) चित्रही लागेल. दोन खाती तंतोतंत जुळतील अशी अपेक्षा ठेवू नका. ढग ताऱ्याला सगळ्या बाजूंनी वेढत नाही, बराच अतिनील प्रकाश मोकळा निसटतो, आणि धूळ प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेला विखुरते, त्यामुळे ढग ताऱ्याच्या पुढे आहे की मागे यावर उजेड बदलतो. आणि विरळ दिशेतल्या ताऱ्यासाठी, दुसरं काहीच माहीत नसताना, ३.१ वापरायला माझी हरकत नाही. फक्त बाजूला लिहा की हा गृहीत धरलेला आहे, मोजलेला नाही.

प्रकल्प लहान ठेवा. एक जोडी ओरायनमधली, एक विरळ दिशेतली, दोन वक्र एका आलेखावर, आणि ओरायनच्या ताऱ्याचा आर-व्ही दोन वेगळ्या रीतींनी. अवरक्त चित्रं दुसऱ्या सत्राला. ज्यांनी ३.१ सांगितला त्यांच्याशी आत्ता वाद घालू नका, आलेख झाल्यावर त्यांच्यासमोर ठेवा. पहिला वक्र काढलात की जोडीचे दोन्ही वर्णपट आणि १४००, १५५० च्या रेषांचं चित्र इथे टाका, जोडी जुळतेय का ते मी बघून सांगतो.